कोरड्या तोंडाची गोळी : घेण्यापूर्वी डोळे, छाती आणि हृदय तपासून घ्या

उदगीर, प्रतिनिधी

भाकरीचा घास तोंडात फिरत राहतो, पण गिळला जात नाही. चार वाक्ये सलग बोलली की जीभ टाळूला चिकटते. रात्री दोन-तीनदा उठून पाण्याचा घोट घ्यावा लागतो. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर किरणोपचार घेऊन घरी परतलेल्या अनेक रुग्णांची ही नित्याची तक्रार असते. कर्करोगातून वाचल्याच्या समाधानापुढे ती किरकोळ वाटते आणि डॉक्टरांपुढे बऱ्याच उशिरा मांडली जाते. या तक्रारीवर 'पायलोकार्पिन' नावाची गोळी आहे. योग्य रुग्णाला तिचा चांगला उपयोगही होतो. मात्र तोंडासाठी दिलेली ही गोळी केवळ तोंडात काम करीत नाही. ती घाम आणते, डोळ्याची बाहुली आकुंचित करते, श्वासनलिका अरुंद करू शकते आणि हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम करू शकते. त्यामुळे ती सुरू करण्यापूर्वी आणि सुरू असताना काय काळजी घ्यावी, हे रुग्णाने व त्याच्या घरच्यांनी समजून घेणे अत्यावश्यक आहे.

उदगीरसारख्या शहरात या काळजीला आणखी एक पदर आहे. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणाच्या सीमेलगतच्या या भागातील कर्करुग्ण उपचारांसाठी लातूर, बार्शी, छत्रपती संभाजीनगर, हैदराबाद किंवा थेट मुंबईला जातात. कोरड्या तोंडाची गोळी तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलेली असते. रक्तदाबाची, दम्याची किंवा लघवीच्या त्रासाची गोळी गावातल्या डॉक्टरांनी दिलेली असते. दोन्ही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांच्या नजरेखाली येतातच असे नाही आणि धोका नेमका तिथे संभवतो.

लाळ का आटते?

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती अन्न ओले करते, दातांवरील आम्ल धुऊन काढते आणि तोंडातील जंतू व बुरशी यांना आवर घालते. लाळग्रंथींच्या मुख्य जोड्या तीन आहेत. कानापुढची, खालच्या जबड्याखालची आणि जिभेखालची. याशिवाय ओठ, गाल व टाळूच्या आतल्या अस्तरात असंख्य लहान ग्रंथी असतात. गालगुंडाच्या आजारात सुजते ती कानापुढची ग्रंथी. ती लाळग्रंथींमध्ये सर्वांत मोठी असून, किरणोपचारांना अतिशय नाजूक आहे.

तोंड किंवा घशाच्या कर्करोगात गाठीवर साधारण ६० ते ७० ग्रे इतकी किरणांची मात्रा सहा ते सात आठवड्यांत विभागून दिली जाते. लोक ज्याला 'शेक' म्हणतात तो हाच उपचार. गाठीच्या आसपासच्या लाळग्रंथीही या किरणांच्या वाटेत येतात. कानापुढच्या ग्रंथींना मिळणारी सरासरी मात्रा २५ ग्रेच्या आत राखता आली, तर त्यांचे काम पुढे बऱ्याच अंशी सुधारते. ती ओलांडली गेल्यास कोरडेपणा कायमचा राहण्याची शक्यता वाढते.

किरणांची तीव्रता कमी-अधिक करून ग्रंथी वाचविण्याचे 'आयएमआरटी' हे तंत्र त्यासाठीच विकसित झाले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी ६० रुग्णांवर केलेला तुलनात्मक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आधीच्या तंत्राने उपचार घेतलेल्या ८९ टक्के रुग्णांमध्ये लाळग्रंथींना मध्यम किंवा त्याहून अधिक तीव्रतेचा त्रास झाला. 'आयएमआरटी' घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ५९ टक्के होते. त्रास कमी झाला, संपला मात्र नाही. म्हणूनच औषधाची गरज उरते.

आपल्याकडे हा प्रश्न मोठा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात ओठ व मुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले. तंबाखू आणि सुपारी ही त्याची प्रमुख कारणे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. आधीच्या सवयीचे परिणाम मात्र आजही रुग्णालयांत दिसत आहेत.

कर्करोगाखेरीज 'शोग्रेन' या आजारातही तोंड आणि डोळे दोन्ही कोरडे पडतात. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लाळ व अश्रुग्रंथींवर हल्ला करते, असे या आजाराचे स्वरूप आहे. तो पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये कितीतरी अधिक आढळतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे, सांधे दुखणे आणि तोंड कोरडे पडणे या तक्रारी एकत्र असल्यास त्याची तपासणी करून घ्यावी.

मात्र कोरडे पडलेले प्रत्येक तोंड या गोळीचे गिऱ्हाईक नव्हे. अनियंत्रित मधुमेह, तोंडाने श्वास घेण्याची सवय, पुरेसे पाणी न पिणे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इतर औषधे, ही कोरड्या तोंडाची नेहमीची कारणे आहेत. सर्दीच्या व ॲलर्जीच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या, ॲमिट्रिप्टिलिनसारखी नैराश्यावरील किंवा नसांच्या दुखण्यावरील औषधे, वारंवार लघवी होण्यावरील ऑक्सिब्युटिनिन आणि कंपवातावरील ट्रायहेक्सिफेनिडिल ही औषधे लाळ आटवतात. अशा वेळी डॉक्टर मूळ औषध बदलतात किंवा त्याची मात्रा कमी करतात. एका औषधाचा परिणाम झाकण्यासाठी दुसरे सुरू करणे शहाणपणाचे ठरत नाही. अर्थात, ही औषधेही रुग्णाने स्वतःच्या मर्जीने बंद करू नयेत.

गोळी काम कशी करते?

धोत्र्याचे बी पोटात गेले की तोंडाला कोरड पडते, घाम थांबतो आणि डोळ्याच्या बाहुल्या विस्फारतात, हे आपल्या ग्रामीण भागात सर्वांना ठाऊक असते. पायलोकार्पिनचे काम याच्या नेमके उलटे आहे. दक्षिण अमेरिकेतील 'जाबोरांडी' या झुडपाच्या पानांत ते सापडते. ही पाने चघळली की तोंडाला पाणी सुटते, हे तिथल्या मूळ रहिवाशांना पूर्वापार माहीत होते. ब्राझीलचे डॉक्टर कुतिन्यो यांनी १८७० च्या दशकात ही पाने युरोपातील डॉक्टरांच्या नजरेस आणली आणि १८७५ मध्ये त्यांतील मुख्य द्रव्य वेगळे करण्यात आले. पुढे दीर्घकाळ ते काचबिंदूवरील डोळ्यांचे थेंब म्हणूनच ओळखले गेले. किरणोपचारांनंतरच्या कोरड्या तोंडासाठी गोळीच्या रूपात त्याला अमेरिकेत १९९४ मध्ये आणि शोग्रेन आजारासाठी १९९८ मध्ये मान्यता मिळाली. त्याच गटातील 'सेव्हिमेलिन' या औषधाला तिथे २००० मध्ये शोग्रेन आजारासाठी मान्यता मिळाली.

आपल्या ग्रंथींना 'स्राव सोडा' असा निरोप देण्यासाठी शरीर ॲसिटिलकोलिन हे रसायन वापरते. पायलोकार्पिन त्या रसायनाची नक्कल करते. हा निरोप घेणारी केंद्रे लाळग्रंथींत आहेत, तशीच ती घामाच्या ग्रंथी, अश्रुग्रंथी, श्वासनलिका, जठर, आतडी, मूत्राशय, डोळ्याची बाहुली आणि हृदय यांतही आहेत. रक्तातून फिरणारी गोळी त्यांपैकी केवळ तोंडाची निवड करू शकत नाही. तिचे बहुतेक सर्व दुष्परिणाम या एका गोष्टीतून उद्भवतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही गोळी उरलेल्या ग्रंथींकडून अधिक काम करून घेते. नष्ट झालेली ग्रंथी ती पुन्हा निर्माण करीत नाही. म्हणून ज्यांच्या ग्रंथी पूर्णतः निकामी झाल्या आहेत, त्यांना तिचा लाभ होत नाही.

किती आणि केव्हा घ्यावी?

मात्रा ठरविण्याचा अधिकार डॉक्टरांचाच आहे. पुढील माहिती आपली चिठ्ठी समजून घेण्यापुरतीच आहे.

किरणोपचारांनंतरच्या कोरडेपणासाठी सामान्यतः ५ मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून तीन वेळा देतात. शोग्रेन आजारात ती दिवसातून चार वेळा देण्याची पद्धत आहे. गरज भासल्यास आणि सोसवत असल्यास डॉक्टर मात्रा वाढवतात. मात्र दिवसाला ३० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा ओलांडली जात नाही. यकृताच्या मध्यम विकारात मात्रा कमी करून दिवसातून दोन वेळा देतात आणि यकृताचा विकार तीव्र असल्यास ती देऊ नये असा संकेत आहे. तंबाखूबरोबर दीर्घकाळ मद्यपान केलेल्या रुग्णांनी ही बाब डॉक्टरांपासून लपवू नये.

गोळी जेवताना किंवा जेवण संपताच पेलाभर पाण्यासोबत गिळावी. तोंड कोरडे असल्याने गोळी टाळूला किंवा घशात चिकटण्याचा संभव असतो. त्यासाठी आधी एक-दोन घोट पाणी पिऊन तोंड ओले करावे. तेलकट, तुपकट जेवणाबरोबर घेतल्यास गोळी रक्तात उशिरा उतरते. एरवी तिचा परिणाम साधारण वीस मिनिटांत सुरू होतो, तासाभरात सर्वाधिक होतो आणि तीन ते पाच तास टिकतो.

एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. त्या वेळेची गोळी सोडून द्यावी आणि नेहमीचे वेळापत्रक पुढे चालू ठेवावे.

गुण लगेच येईल अशी अपेक्षा ठेवू नये. पूर्ण परिणाम दिसण्यास चार ते आठ आठवडे आणि काहींना बारा आठवडेही लागतात. दोन-तीन महिन्यांनंतरही फरक नसेल, तर गोळी बंद करण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. उपयोग होत नसलेली गोळी वर्षभर घेत राहिल्याने दुष्परिणाम आणि खर्च एवढेच पदरी पडते.

अमेरिकेत २०७ रुग्णांवर झालेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५ मिलिग्रॅमची गोळी तीन वेळा घेणाऱ्या ४४ टक्के रुग्णांचा कोरडेपणा कमी झाला. औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २५ टक्के होते. दुष्परिणामांमुळे ५ मिलिग्रॅमच्या गटातील ६ टक्के रुग्णांनी, तर १० मिलिग्रॅमच्या गटातील २९ टक्के रुग्णांनी अभ्यास अर्धवट सोडला. 'एका गोळीने भागत नाही, दोन घेऊन पाहू' असा विचार करणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा.

ही गोळी कोणी घेऊ नये?

नियंत्रणात नसलेला दमा असलेल्यांना ही गोळी देत नाहीत. ती श्वासनलिका आकुंचित करते आणि त्यांतील चिकट स्राव वाढवते. जुनाट ब्राँकायटिस किंवा 'सीओपीडी' असल्यास, तसेच दमा आटोक्यात असला तरीही, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती घ्यावी.

डोळ्यातील रंगीत पडद्याचा, म्हणजे आयरिसचा, तीव्र दाह असताना आणि अरुंद कोनाच्या काचबिंदूतही ती वर्ज्य आहे. पायलोकार्पिनचे थेंब काचबिंदूवर वापरले जात असल्याने 'काचबिंदूला तर हेच औषध देतात' असा गैरसमज होऊ शकतो. काचबिंदूचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि थेंब कोणाला, केव्हा द्यायचे हे नेत्रतज्ज्ञ डोळा तपासून ठरवतात. गोळी सुरू करण्यापूर्वी डोळ्यांची, पडद्यासह, एकदा तपासणी करून घेणे हिताचे आहे. उदगीरमध्ये उदयगिरी लायन्स नेत्र रुग्णालय असल्याने या तपासणीसाठी दूर जाण्याची गरज नाही.

हृदयविकार, ठोक्यांची अनियमितता, पित्ताशयातील खडे आणि मूतखडा या व्याधी असल्यास त्या आवर्जून सांगाव्यात. खडे असलेल्यांमध्ये नळ्यांचे आकुंचन वाढून तीव्र कळा येऊ शकतात. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनीही डॉक्टरांना तशी कल्पना दिल्याशिवाय गोळी घेऊ नये.

कोणत्या औषधांशी जमत नाही?

पहिला गट रक्तदाब व हृदयविकारावरील बीटा-ब्लॉकर औषधांचा. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल ही त्यांतील परिचित नावे. पायलोकार्पिनसोबत ती घेतल्यास हृदयातील विद्युतसंदेशांचे वहन बिघडण्याची शक्यता असते. दोन्ही एकत्र घेताच येत नाहीत असे नाही. मात्र ते डॉक्टरांना ठाऊक असले पाहिजे आणि त्यांना वाटल्यास ईसीजी काढला गेला पाहिजे.

दुसरा गट विरुद्ध दिशेने काम करणाऱ्या औषधांचा. वर उल्लेखिलेल्या लाळ आटवणाऱ्या गोळ्या, तसेच 'सीओपीडी'साठी ओढल्या जाणाऱ्या आयप्राट्रोपियमसारख्या औषधांचा परिणाम आणि पायलोकार्पिनचा परिणाम एकमेकांना छेद देतात. येथे एक नेहमीची गफलत होते. पायलोकार्पिनमुळे काहींच्या पोटात मुरडा येतो. रुग्ण औषधाच्या दुकानातून पोटदुखीची डायसायक्लोमिनयुक्त गोळी आणतो. मुरडा थांबतो आणि त्याबरोबर तोंड पुन्हा कोरडे पडते. मग 'मुख्य गोळी लागू पडत नाही' असा निष्कर्ष काढला जातो. पोटात मुरडा येत असल्यास दुसरी गोळी जोडण्याऐवजी मात्रेविषयी डॉक्टरांना विचारावे.

तिसरा गट त्याच दिशेने काम करणाऱ्या औषधांचा. स्मृतिभ्रंशावरील डोनेपेझिल किंवा स्नायूंच्या दुर्बलतेवरील पायरिडोस्टिग्मिन ही औषधे शरीरातील ॲसिटिलकोलिन वाढवतात. ती पायलोकार्पिनसोबत आल्यास दोघांचे परिणाम एकत्र होतात.

फवारणी करणाऱ्यांसाठी

उदगीर परिसरातील अनेक शहरी कुटुंबांची शेती आजही गावाकडे आहे आणि सोयाबीन, तुरीच्या हंगामात फवारणीच्या वेळी घरचा माणूस शेतावर जातोच. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके शरीरातील ॲसिटिलकोलिनचे विघटन रोखतात. त्यामुळे लाळ गळणे, प्रचंड घाम, उलट्या, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे आणि दम लागणे अशी विषबाधेची लक्षणे दिसतात. पायलोकार्पिनच्या अतिमात्रेची लक्षणेही जवळपास अशीच असतात आणि दोन्हींत ॲट्रोपिन हे औषध वापरले जाते.

यातून दोन गोष्टी निघतात. ही गोळी घेणाऱ्याने फवारणीचे काम दुसऱ्यावर सोपवावे. तसेच अशी लक्षणे घेऊन कोणी रुग्णालयात दाखल झाल्यास, तो पायलोकार्पिन घेतो ही माहिती नातेवाइकांनी तिथल्या डॉक्टरांना आधी द्यावी.

उन्हाळा, घाम आणि पाणी

या गोळीचा सर्वांत जास्त आढळणारा दुष्परिणाम म्हणजे घाम. त्याखालोखाल मळमळ, नाक गळणे, थंडी वाजणे, अंग गरम होणे, वारंवार लघवी, चक्कर आणि अशक्तपणा यांचा क्रमांक लागतो. थंड हवेच्या देशात हा घाम केवळ गैरसोयीचा ठरतो. लातूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीला टेकलेला असताना, तो शरीरातील पाणी कमी करणारा धोका ठरू शकतो. पाण्याची टंचाई या जिल्ह्याला नवी नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. टंचाईच्या दिवसांत घरातील माणसे नकळत पाणी कमी पितात. ही गोळी घेणाऱ्याने मात्र तसे करून चालणार नाही.

दिवसभर थोडे थोडे पाणी प्यावे. ताक, आंबील, पातळ वरण यांचाही उपयोग होतो. दुपारी बारा ते चार या वेळेत उन्हात जाणे टाळावे. लघवी गडद पिवळी होणे, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, घाम येऊनही अंग तापलेले राहणे ही पाणी कमी पडल्याची चिन्हे समजावीत. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनी उन्हाळ्यापूर्वीच डॉक्टरांना भेटून पाण्याचे आणि गोळीचे प्रमाण ठरवून घ्यावे. अतिघाम येत असूनही पुरेसे पाणी पिणे शक्य नसल्यास गोळीबाबत त्याच दिवशी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मधुमेहींसाठी एक विशेष सूचना आहे. इन्शुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना साखर खाली गेल्यावरही दरदरून घाम फुटतो. 'हा त्या गोळीचाच घाम' असे गृहीत धरून बसू नये. ग्लुकोमीटरने साखर तपासावी. ते जवळ नसेल आणि हातपाय थरथरत असतील, तर साखर खाली गेली असे समजून आधी साखरपाणी द्यावे.

रात्रीचे वाहन आणि डोळ्यांचे थेंब

बाहुली आकुंचित झाल्याने डोळ्यात कमी प्रकाश शिरतो. अंधारात अंधूक दिसते आणि अंतराचा अंदाज चुकतो. मोतीबिंदू असलेल्यांना हा त्रास अधिक जाणवतो. उदगीरहून लातूर, नांदेड किंवा बिदरकडे दुचाकीने जाणे-येणे येथे रोजचेच आहे. या गोळीचा आपल्या नजरेवर काय परिणाम होतो हे कळेपर्यंत अंधार पडल्यावर वाहन चालवू नये. शेतातील यंत्रांवर काम करणाऱ्यांनीही हीच खबरदारी घ्यावी.

पायलोकार्पिन हे नाव डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीवरही आढळते. थेंब डोळ्यात घालण्यासाठी असतात. तोंडाच्या कोरडेपणासाठी ते पाण्यातून घेण्याचा प्रयोग कदापि करू नये. औषध खरेदी करताना पाकिटावरील मूळ औषधाचे नाव, ५ मिलिग्रॅम हा आकडा आणि मुदत, या तीन गोष्टी चिठ्ठीशी ताडून पाहाव्यात. लहान शहरातील प्रत्येक दुकानात ही गोळी असेलच असे नाही. मिळाली नाही म्हणून सारख्या नावाचे दुसरे औषध स्वीकारू नये. गोळी संपण्याच्या आठवडाभर आधीच दुकानदाराला मागणी सांगून ठेवावी.

तातडीने रुग्णालय केव्हा गाठावे?

श्वास घेताना धाप लागणे किंवा छातीत घरघर होणे, छातीत दुखणे, ठोके फार मंद किंवा अनियमित होणे, भोवळ येऊन पडणे, डोळा लाल होऊन तीव्र वेदना होणे, दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे, एकाएकी नजर कमी होणे, थांबत नसलेल्या उलट्या-जुलाब, संभ्रम. यांपैकी काहीही जाणवल्यास पुढची गोळी न घेता तत्काळ रुग्णालयात जावे. त्यासाठी १०८ या क्रमांकावरील रुग्णवाहिका बोलावता येते. लहान मुलाने चुकून गोळी गिळल्यास लक्षणांची वाट पाहू नये.

दुष्परिणाम गंभीर नसले तरी त्यांची नोंद होणे महत्त्वाचे आहे. देशात २०१० पासून सुरू असलेल्या औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही ती करता येते.

गोळीबरोबर हेही हवे

गोळीने लाळ वाढली तरी दातांचा धोका टळत नाही. लाळ कमी असलेल्या तोंडात दात झपाट्याने किडतात आणि किरणोपचार झालेल्या जबड्यातील दात काढणे जोखमीचे असते, कारण तेथील हाड लवकर भरून येत नाही. म्हणून दिवसातून दोनदा मऊ ब्रशने फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरून दात घासावेत. दर काही महिन्यांनी दंतवैद्यांना दाखवावे आणि दात काढण्यापूर्वी किरणोपचार झाल्याचे त्यांना अवश्य सांगावे. तोंडात पांढरे थर किंवा लाल चट्टे दिसल्यास ती बुरशी असू शकते.

भाकरी कोरडी खाण्याऐवजी वरणात, कढीत किंवा दुधात कुस्करून खावी. साखरविरहित च्युइंगमने लाळ सुटते. गोड गोळ्या चघळल्याने मात्र दात किडतात. तिखट, फार आंबट आणि फार गरम पदार्थ टाळावेत. झोपताना पाण्याचा तांब्या उशाशी ठेवावा. मद्य आणि तंबाखू पूर्ण बंद करावी. तंबाखू सुटत नसल्यास १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर मोफत समुपदेशन मिळते. 'तोंडाला ओल यावी म्हणून' सुपारी चघळणाऱ्यांनी तर विशेष सावध असावे. सुपारी स्वतःच कर्करोगाचे कारण आहे आणि एकदा उपचार झालेल्या तोंडात तिला थारा देणे घातक ठरते.

एक कागद, सर्व डॉक्टरांसाठी

वरील सर्व खबरदारीचा मोठा भाग एका साध्या कागदाने साधतो. त्यावर पुढील गोष्टी ठळक अक्षरांत लिहून घ्याव्यात :

१. किरणोपचार कोठे, केव्हा आणि शरीराच्या कोणत्या भागावर झाले.

२. सध्या सुरू असलेली प्रत्येक गोळी, थेंब, पंप आणि इंजेक्शन; मूळ औषधाच्या नावासह व मिलिग्रॅमसह. दुकानातून स्वतःहून आणलेल्या आणि आयुर्वेदिक औषधांचाही त्यात समावेश असावा.

३. दमा, काचबिंदू, हृदयविकार, मधुमेह, यकृताचा विकार, मूतखडा किंवा पित्ताचे खडे आहेत किंवा नाहीत.

४. डोळ्यांची तपासणी आणि ईसीजी शेवटचा केव्हा झाला.

५. पायलोकार्पिन कोणत्या तारखेला, किती मात्रेत सुरू झाले आणि त्यानंतर काय फरक जाणवला.

हा कागद मोठ्या शहरातील कर्करोगतज्ज्ञांना दाखवावा, तसाच तो गावातील नेहमीच्या डॉक्टरांना, दंतवैद्यांना, नेत्रतज्ज्ञांना आणि औषध दुकानदारालाही दाखवावा. नवीन औषध सुरू झाले की त्याच दिवशी त्यात भर घालावी आणि त्याची एक प्रत घरातील दुसऱ्या व्यक्तीजवळ ठेवावी. रुग्णाला स्वतः बोलता येत नसेल अशा वेळी, रात्री-अपरात्री दाखल करून घेणाऱ्या डॉक्टरांना या कागदावरूनच उपचारांची दिशा ठरविता येईल.